दुसरं बटण

उचगाव, कोल्हापूर
१४ जून २०२५

लाडक्या मामास,
सविनय जय भीम.

पिशवीत आईनं दिलेला चटणीचा डबा आहे आणि त्याच्या खाली हे पत्र. तू डबा आधी उघडणार हे मला ठाऊक आहे, तरी पत्र वाच. फोनच करणार होते. पण तुझ्या गावात रेंज फक्त माळावर, आणि माळावर चढून आलास तरी तू "हां", "बरं" आणि "ठेव आता" याच्यापुढं जात नाहीस. कागदावर मात्र मोकळा होतोस. चंदगड गाडीच्या कंडक्टरकाकांना मी पटवलंय, तेच आपली पत्रं नेणार-आणणार.

बातमी अशी, की राज्यस्तरीय रोबोटिक्स स्पर्धेसाठी कॉलेजनं माझी आणि अंतराची जोडी निवडली आहे. अंतरा म्हणजे माझ्या बाकावरची, नृसिंहवाडीच्या एका मास्तरांची मुलगी. गणितात माझ्या पुढं आणि पान्हा धरण्यात माझ्या मागं. स्पर्धा दोन ऑगस्टला आहे. यंत्राचा हात बनवायचा. त्यानं पत्र्याची चकती उचलून प्रेसमध्ये ठेवायची, प्रेस उतरून वर गेला की तयार वाटी बाहेर काढायची. माणसाचा हात प्रेसखाली जाताच कामा नये.

विषय वाचला आणि मला दुसरं काही सुचलंच नाही मामा. तूच डोळ्यांपुढं आलास, आणि प्रेसखाली गेलेला तुझा उजवा हात.

आमच्या अहवालात पहिलं प्रकरण खऱ्या अपघाताचा अभ्यास असं आहे. घरात कोणाला विचारायची सोय नाही. बाबा तुझ्याच कारखान्यात सेटर, म्हणजे मशीनवर डाय, साचा बसवणारे होते, अजून तिथंच आहेत, पण विचारलं की "मशीन रिपीट झालं, आपोआप परत उतरलं" म्हणून उठून जातात. आई म्हणते, मामाला तेवढं विचारू नको. आता खरं सांगते. मागं जातीचा दाखला शोधताना बाबांच्या ट्रंकेत कारखान्याच्या कागदाची झेरॉक्स सापडली होती. त्यात लिहिलं होतं, "सदर इसमाने स्वतःच्या सोयीसाठी बटणात पाचर घातली." तू खरंच घातली होतीस का? रागावू नकोस. मला हात बनवायचाय, म्हणून विचारते.

तुझी,
संघप्रिया


२२ जून

चि. संघप्रियास,
जय भीम.

चटणी पोचली. आक्काला सांग, तिखट कमी झालंय. वय झालं तिचं.

तुझी निवड झाली हे वाचून काजूच्या कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. रोबोट म्हणजे काय ते मला नीट सांगता आलं नाही, पण भाची करणार म्हटल्यावर मालकानं चहा दिला. मी इथं वजनकाट्यावर असतो. डाव्या हाताला ते काम जमतं.

तुझ्या हाताबद्दल. चकती उचलायला रबराची वाटी लावणार असशील, हवा ओढून धरणारी. ती लाव, पण एक लक्षात ठेव. कारखान्यात पत्र्याला तेल असतं. तेलानं चकतीला चकती चिकटते, वाटी घसरते. चकती सरळ वर उचलू नको, आधी तिची एक कड वर घ्यायची, मग बाकीची. आम्ही बोटांनी तेच करत होतो. सराव कोरड्या पत्र्यावर करू नको.

दोन बटणं कशाला असतात हे अहवालात लिही. दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच प्रेस उतरतो. हात बटणावर आहे, म्हणजे तो खाली नाही. इतकं साधं आहे. त्यातल्या एका बटणाच्या खाचेत लाकडाची चिप ठोकली की ते दाबलेलंच राहतं, मग एका हातानं प्रेस चालतो आणि दुसरा हात चकत्या घालायला मोकळा होतो. माल जास्त निघतो. त्या चिपेला पाचर म्हणायचं.

बाकी माझ्याबद्दल कागदावर जे आहे ते लिही. मी त्यात भर घालणार नाही.

नागसेनमामा


१३ जुलै

लाडक्या मामास,
सविनय जय भीम.

तू भर घालणार नाहीस म्हणालास, म्हणून मीही विचारायचं सोडलं. घे.

हात उभा राहिला. भंगारबाजारातली ॲल्युमिनियमची पट्टी, चार मोटारी आणि अंतराच्या सायकलचं एक बेअरिंग. खांदा चांगला चालतो, मनगट चांगलं चालतं, कोपर मात्र दमल्यासारखं खाली येत होतं. मी जास्त ताकदीची मोटार मागत बसले. अंतरानं कोपराच्या मागच्या बाजूला नटबोल्टांची पिशवी बांधली आणि तोल साधला. सर म्हणाले, हे डिझाइन आहे की बाजारची पिशवी. पण चालतं. तू सांगितलेली कड उचलायची युक्ती आम्ही मनगटात बसवली आहे. तेलाचं मात्र जमलं नाही. प्रयोगशाळेत तेल सांडलं तर शिपाईमामा आम्हाला उभं करणार नाहीत, म्हणून सराव कोरड्यावरच चाललाय. हाताचं नाव ठेवलंय नागू. आवडलं नसेल तरी आता उशीर झाला, फलक रंगवून झालाय.

आणि मोठी गोष्ट म्हणजे बाबा मदतीला आले. स्वतःहून. गेल्या रविवारी आमचा छोटा हवेचा प्रेस त्यांनीच बसवून दिला. मी कधी त्यांना मशीनवर पाहिलं नव्हतं. मामा, काय हात चालतो त्यांचा. आमची पंचाईत अशी होती, की एका हातात मोबाइल धरून वेळ मोजायची आणि दोन्ही हातांनी बटणं दाबायची. तिसरा हात आणायचा कुठून? बाबा थोडा वेळ बघत राहिले. म्हणाले, "आसं दोन-दोन हातानं दाबत बसलीस तर सांज हुईल की." आणि खिशातनं चाकू काढून पेटीच्या फळीची एक चिप तासली, उजव्या बटणाच्या खाचेत अशी बसवली, की बघायलासुद्धा खाली वाकले नाहीत. बोटांना सगळं पाठ.

मला त्या झेरॉक्सची आठवण झाली. मी विचारलं, "बाबा, मामानं असंच केलं होतं का?" ते पाणी प्यायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. पण मामा, मला एक कळलं आणि बरं वाटलं. तू काही वेडेपणा केला नव्हतास. सगळेच करत होते. तुझंच नशीब फुटकं निघालं.

काळजी करू नकोस, ही सोय फक्त सरावापुरती. स्पर्धेच्या दिवशी काढून टाकणार. आता दिवसाला तीनशे फेऱ्या होतात.

तुझी,
संघप्रिया


२० जुलै

संघप्रिया,

पत्र वाचल्या जागेवरून ऊठ आणि ती पाचर काढ. मग पुढचं वाच.

सरावापुरती म्हणालीस. सरावच हाताला लागतो. वेळेला काढीन म्हणणारी माणसं मी रोज बघितली आहेत आणि वेळेला त्यांना आणखी दहा नग काढायचे असतात. अंतराला सांग, बटण मोकळं आहे की नाही ते तिनं स्वतःच्या बोटानं बघितल्याशिवाय प्रेसला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावर नाही, तुझ्याही नाही.

काल आणि आज दोनदा माळावर गेलो. टॉवर बंद आहे, चार दिवस लाईट नाही. ओढ्याचं पाणी रस्त्यावर आहे, गाडी येत नाही. गाडी सुरू झाली की पहिल्या कंडक्टरकडं देतो.

दाजींना मशीनजवळ येऊ देऊ नको. का ते विचारू नको.

मामा


६ ऑगस्ट

मामा,

तुझं वीस तारखेचं पत्र मला काल, पाच तारखेला मिळालं. कंडक्टरकाका म्हणाले, चंदगड आगारात पिशव्यांच्या ढिगात पडलं होतं, आणि तुमच्या माळावरचा टॉवर अजून बंदच आहे.

अंतराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं.

स्पर्धेत प्रेस आमचाच नेलेला होता, पण चकत्या त्यांच्या, तेलात बुडवलेल्या. सातव्या फेरीला वाटी घसरली आणि चकती प्रेसमध्ये तिरकी पडली. मी चार पावलांवर लॅपटॉपशी होते, बटणांशी अंतरा होती. तिनं डावा तळवा डाव्या बटणावर टेकवला आणि उजव्या हातानं चकती सरळ करायला वाकली. वाकल्यावर अंगाचा भार डाव्या तळव्यावर आला. उजवं बटण कोणी दाबलेलं नाही, म्हणजे प्रेस उतरणार नाही, या भरवशावर तिनं हात घातला. तिचं चुकलं नव्हतं. उजव्या बटणात पाचर होती.

काढायची राहून गेली, असं मी तीन दिवस स्वतःला सांगत होते. राहून गेली नव्हती. सकाळच्या सरावाला मीच घातली, अंतराला "मी काढते" म्हणाले. फेरीला सहा मिनिटं उरली होती आणि कोपर पुन्हा खाली येत होतं. मी त्या पाचरीकडं बघितलं आणि म्हटलं, असू दे, तेवढाच वेळ वाचेल.

सोमवारी कॉलेजनं चौकशीला बोलावलं. सोबत पालक हवे, म्हणून बाबा आले. अंतरा दवाखान्यात होती, तिला कोणी विचारलं नव्हतं. दाराबाहेर बाबांनी माझा दंड धरला. म्हणाले, "तिनंच घातली म्हण. तिच्या बाच्या वळखी हाईत, ती सावरंल. आपल्यामागं कोण हाय? एकदा आपल्या नावावर लागलं की जल्मभर पुसत न्हाय." मी आत गेले. कोरा कागद पुढं ठेवला. मला लिहिता येईना, तेव्हा बाबा हळूच एकेक शब्द सांगत गेले आणि मी लिहीत गेले. "सदर विद्यार्थिनीने स्वतःच्या सोयीसाठी बटणात पाचर घातली."

मी सही केली मामा.

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात फिरत होतं. रात्री ट्रंक उघडली. मागच्या वेळी मी फक्त वरचा भाग वाचला होता. खाली साक्षीदार म्हणून बाबांची सही आहे.

बाबांना ते वाक्य पाठ कसं, हे मला तुझ्याकडून हवंय. आता तरी भर घाल.

संघप्रिया


१२ ऑगस्ट

चि. संघप्रियास,

तीन दिवस कागद पुढं घेऊन बसतोय. डाव्या हाताला लिहायला वेळ लागतो, पण कारण ते नाही.

त्या दिवशी माल कमी पडला होता आणि गाडी दारात उभी होती. मी चहाला गेलो. परत आलो तर दाजी माझ्या मशीनवरून बाजूला होत होते. म्हणाले, "डाय बघितली, चालू कर." मी चालू केलं. तिसरी का चौथी चकती तिरकी पडली म्हणून, डावा हात बटणावर तसाच ठेवून, उजवा आत घातला. दुसरं बटण माझ्या हातात नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होतो. तुझ्या अंतरासारखाच. पाचर दाजींनी घातली होती. मला सांगायचं त्यांच्या मनात होतं की नव्हतं, हे मी अकरा वर्षं स्वतःला विचारतोय. गडबडीत राहिलं असेल. मी ते धरून बसलो नाही.

धरून बसलो ते नंतरचं. दवाखान्यात ते माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसले आणि म्हणाले, "नागसेन, तुझा हात तर गेलाच. आता माझीबी नोकरी गेली तर आक्काच्या पोरीचं काय?" तू नऊ वर्षांची होतीस. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी कागद तयार होऊन आला. माझा अंगठा डाव्या हाताचा आहे त्यावर.

मी थोर मनाचा माणूस आहे असं समजू नकोस. मान हलवली त्याचा मला रोज राग येतो. कारखान्यात पोरं माझ्यामागं म्हणायची, हावरट होता, नग जास्त काढायला गेला. ते ऐकवेना म्हणून गाव गाठलं. दाजींनी एकदा यावं, दारात उभं राहून "मी घातली होती" एवढं म्हणावं, यासाठी मी थांबलो. बाकी काही नको होतं. ते आले नाहीत. आता येतील असं वाटतही नाही.

तुला एवढंच सांगतो. कॉलेजात नंतर जा, आधी अंतराच्या घरी जा. ते तुला हाकलतील, शिव्या देतील. ऐकून घे, पण सांगून ये. माझ्यासारखं कोणाला थांबायला लावू नकोस.

तुझा,
नागसेनमामा


२४ ऑगस्ट

मामा,
सविनय जय भीम.

वाडीला जाऊन आले. अंतराच्या वडिलांनी मला हाकललं नाही, आत घेतलं, पाणी दिलं. त्यांना वाटलं मी बघायला आले आहे. मैत्रीण असावी तर अशी, म्हणाले. तेव्हाच मला उठून पळावंसं वाटलं.

अंतरा पलंगावर बसली होती. हात उशीवर. मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, "माझ्यामुळं तुझी स्पर्धा गेली गं." मी म्हटलं, असं काय बोलतेस. तर म्हणाली, "तू काढते म्हणाली होतीस असं मला अंधूक आठवत होतं. पण सरांनी तुझा कागद वाचून दाखवला. तू लिहिलंयस म्हणजे मीच परत घातली असणार. सरावात दोघी घालायचोच की."

माझ्या एका सहीनं तिची आठवणसुद्धा खोटी पाडली होती, मामा. बोटांपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटली.

मी सांगितलं. सगळं, सहा मिनिटांसकट. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "जा तू." मास्तर मला स्टँडपर्यंत सोडायला आले. गाडी आल्यावर फक्त विचारलं, "हे लिहून देशील?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जबाब बदलून दिला. माझं हे वर्ष गेलं, पुढचं काय ते समिती ठरवणार. नागूला सीलबंद करून ठेवलाय. बाबांना घरी येऊन सांगितलं, तुझं पत्रही त्यांच्यापुढं ठेवलं. ते मी तुला न विचारता केलं, त्याबद्दल माफ कर. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं.

अंतरा फोन उचलत नाही. उचलावा असं माझं म्हणणंही नाही.

संघप्रिया


उचगाव
३ सप्टेंबर

नागसेन,

अकरा वर्षांत तुला पहिलं पत्र लिहितोय. लिहायची सवय नाही, बोलतो तसं लिहितो.

पोरीला काय म्हणून लिहिलंस? तुझा हात गेला, तो काही मागं येणार हाय का? तिचं वर्ष गेलं. घराण्यातली पहिली इंजिनेर होणार हुती. मी तिला सावरायला बघत हुतो आणि तू तिकडं डोंगरात बसून तिला सत्य शिकवलंस. सत्य परवडायला मागं काहीतरी लागतं. तुझ्यामागं बायको न्हाय, पोर न्हाय.

पाचर मी घातली. व्हय, मी घातली. सायबानं गाडी दारात हाय म्हणून सांगितलं आणि मी घातली. तू येतोस तंवर दोन नग काढले आणि तुला सांगायचं तोंडावर आलतं, तेवढ्यात सायबानं हाक मारली. मी वळलो. तुझा आवाज आला तवा माझी पाठ हुती. झोपंत अजून ती पाठच असती, वळायला येत न्हाय. हे काय मी तुला दारात येऊन सांगायचं? कोणत्या तोंडानं? माझ्या घरातली चूल त्या कागदावर चालत हुती.

परवा तुझ्या आक्कानं, शालूनं, ट्रंकेतला तो कागद चुलीत घातला. मला विचारलं न्हाय. तिला सगळं पहिल्यापासून ठाव हुतं का काय, मला कळंना. विचारायचं धाडस न्हाय.

पोरगी दहा दिवस झालं माझ्यासमोर जेवत न्हाय. मी असलो की ताट सारती. मी बाहेर जाऊन बसलो तरी खात न्हाय, "मामाच्या हातावर शिजलेलं नको" म्हणती, असं शालू सांगती. कालपासून पाणीबी नुसतं तोंडाला लावती. डॉक्टर म्हणाला, शरीराला काय झालेलं न्हाय. मी तिच्यापुढं हात जोडले. माझ्या हाताकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

माझं ती ऐकायची न्हाय. तुझं ऐकती. एक पत्र टाक तिला, गाडीकडं लगीच दे. जेव म्हणावं.

अण्णासो